सांगाड्याची गाठ

मंगळवारी वाघोलीच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नसायचं, पण गर्दी अशी की लग्नघरानं लाजावं. नगर रस्त्याकडच्या फाटकापासूनच चपला सुरू व्हायच्या. कंपनीतून परस्पर आलेल्या मुलींचे पांढरे बूट, आसपासच्या गावांतल्या बायांच्या रबरी स्लिपरा, पेठांतून रिक्षा करून आलेल्या आजींच्या अंगठ्याच्या चपला, सगळ्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. शिक्षण, पगार, पत्ता यांतलं काही म्हणजे काही तिथे आड येत नव्हतं. एवढी समता पुण्यात दुसरीकडे कुठे दिसली तर कळवावं, बघायला आवडेल.

आत फक्त बायका. पुरुषांना सक्त मज्जाव, अपवाद एका दत्तप्रसादचा, कारण तो माईंचा भाचा. झुळझुळीत झब्बा, कपाळाला गंध, हातात माईक आणि आवाज साजूक तुपात तळून काढलेला.

"भगिनींनो," तो म्हणाला, "इथे सुई नाही, कात्री नाही, आहे ती माईची खात्री. इथे तुम्हाला कोणी वय विचारणार नाही. आधार कार्ड मागणार नाही. परपुरुषाचा हात अंगाला लागणार नाही. पदरसुद्धा ढळू द्यायचा नाही. लेकीनं आईपुढे यावं तसं यायचं."

एरवी नवरानवरी बसतात त्या सोनेरी खुर्चीत वेणूमाई बसल्या होत्या. हिरवी साडी, गळ्यात कवड्यांची माळ, डोळे अर्धे मिटलेले. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या नुसत्या वेणूबाई होत्या असं गावातले जुने लोक सांगत, पण आजूबाजूला बघून सांगत.

माई बायकांच्या छातीतल्या गाठी बघायच्या, तेही बाईला हात न लावता. आदल्या मंगळवारी दारातल्या टेबलावर प्रसादाचा पिवळा खण मिळायचा. आठवडाभर रात्री तो छातीशी बांधून झोपायचं आणि पुढच्या मंगळवारी घेऊन यायचं. टेबलावरची बाई खणाची घडी ताटलीत ठेवायची, वर एक फूल ठेवायची आणि ताटली व्यासपीठावर जायची. माई खण पसरायच्या, गडूतलं तीर्थ त्यावर शिंपडायच्या. आणि पाण्यासारखं नितळ ते तीर्थ पडलं रे पडलं की पिवळ्या खणावर रक्तासारखा लाल डाग उमटायचा.

"दिसली गं बाई तुझी गाठ," माई म्हणायच्या. सगळ्या हॉलच्या अंगावर काटा यायचा.

मग दुसरी बाई जायची, सांगितलेले उपास आणि जप केलेली. तिचा खण पसरला, तीर्थ पडलं आणि खण पिवळाचा पिवळा. गाठ विरली. ती बाई तिथेच माईंच्या पायावर कोसळून रडली, खाली बसलेल्याही रडल्या, आणि दत्तप्रसादनं माईक तिच्या तोंडाशी नेऊन ते रडणं सगळ्यांना नीट ऐकू येईल याची काळजी घेतली.

मागच्या खांबाला टेकून अस्मिता बर्वे हे बघत होत्या. वाघोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि नारायण पेठेतून रोज स्कूटरवर यायच्या. नगर रस्त्याच्या वाहतुकीनं त्यांच्या रागाला बारा महिने धार लावलेली असायची. शेजारी त्यांच्या प्रयोगशाळेतली मदतनीस हेमा गावंडे हात जोडून उभी होती. वाशीम जिल्ह्यातून नवऱ्याच्या कामापाठोपाठ आलेली, वय पस्तीस, एक मुलगी पाचवीत. हेमाच्या डाव्या छातीत गाठ होती, म्हणून अस्मिताबाई तिथे आल्या होत्या.

गाठ हेमाला दिवाळीत लागली, आंघोळ करताना. वाटाण्याएवढी, न दुखणारी. ती कोणाला सांगणार? आपल्याकडे दोरीवर ब्लाउज वाळत घालायचा तर त्याच्यावर साडी पांघरायची पद्धत, तिथे छातीतल्या गाठीचं कोण कोणाला सांगतंय. तरी या बाईनं शहाणपणा केला. भिंतीवर जाहिरात बघितली, एका सार्वजनिक आरोग्य केंद्रात स्तनांच्या कर्करोगाची मोफत तपासणी होते. दिवाळीतच तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटी तिथे जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीवरच्या माणसानं कार्ड बघितलं आणि विचारलं, वय पस्तीस ना? चाळिशीच्या पुढच्यांसाठी आहे हे, फलक वाचता येत नाही का? शिवाय पत्ता वाशीमचा. चाळीस झाली की ये, तेव्हा पत्ताही बदलून आण. मागच्या दोघी फिसकन हसल्या आणि हेमा मान खाली घालून परत आली.

रोगाला म्हणायचं, बाबा रे, पाच वर्षं दम धर, ही बाई अजून योजनेत बसत नाही. आणि पुणेरी पत्त्याची अट कर्करोगाला कोणी समजावून सांगितली होती कोण जाणे. अस्मिताबाईंना हे सगळं चार महिन्यांनी कळलं. तोवर वल्लरी नावाच्या एका मुलीनं हेमाला माईंचा रस्ता दाखवला होता. वल्लरी मूळची अस्मिताबाईंचीच विद्यार्थिनी, आता खराडीत आयटीत नोकरीला. माईंनी तिची गाठ घालवली होती आणि ती हे ज्याला त्याला, व्हिडिओ करूनसुद्धा, सांगत सुटली होती, अगदी मनापासून.

हेमाचा खण मात्र दर वेळी लालच व्हायचा. तुझी श्रद्धा कमी पडते, असं दत्तप्रसादनं तिला सांगितलं होतं. आणखी एक सांगितलं होतं: गाठीला सुई लागली की माई सोडून जातात, मग मेलीस तर आम्ही जबाबदार नाही. त्या एका वाक्यानं हेमा बांधली गेली होती. अस्मिताबाई डॉक्टरकडे चल म्हणाल्या की ती नुसती मान हलवायची. शेवटी एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा येऊन डोळ्यानं पाहा. खोटं असंल तर मले दाखवा. मग तुम्ही म्हणसान तिथं येतो मी."

म्हणून अस्मिताबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, आणि पहिला डाग उमटला तेव्हाच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण हे त्यांनी कधी पाहिलं होतं म्हणाल तर स्वयंपाकघरात, रोज. वरणाचा हळदीचा डाग साडीवर पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या घरात माहीत नाही? खण हळदीत रंगवलेला आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. शिकलेल्या, घर चालवणाऱ्या, हजारदा साबण लावलेल्या बायका तो डाग बघून हात जोडत होत्या. डाग ताटलीत उमटला की तो चमत्कार, न्हाणीघरात उमटला की धुणं.

त्यांनी आणखी एक टिपून ठेवलं. व्यासपीठावर दोन गडू होते, एक तांब्याचा, एक चांदीचा. ताटलीत झेंडूचं फूल असलं की माई तांब्याचा गडू उचलायच्या आणि खण लाल व्हायचा. तगरीचं फूल असलं की चांदीचा, नुसत्या पाण्याचा, मग खण पिवळाच राहायचा. आणि फूल ठेवणारी टेबलावरची बाई आधी हळूच, मायेनं विचारायची, "काय गं, लागते का अजून हाताला?" हो म्हटलं की झेंडू, नाही म्हटलं की तगर. म्हणजे बाईनं स्वतः जे सांगितलं तेच माई तिला रंगवून परत देत होत्या. प्रसादाचा एक खण घेऊन त्या हेमासह बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी हेमाला तो खण दाखवला, निवळी दाखवली. डाग उमटला. वर लिंबू पिळलं, डाग गेला. हेमा रोज काचेच्या ब्युरेट-नळ्या धुणारी, मुलांच्या प्रयोगात थेंबासरशी गुलाबी होणारं पाणी रोज बघणारी. तिनं खण उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, रंगाचं समजलं. पण वल्लरीताईची गाठ खरीच गेली. त्यांनी हातानं चाचपून पाहिली होती, आधी होती आन् मंग नव्हती. ताई खोटं नाही बोलत. ते कसं काय?

अर्धी लबाडी उघडी पाडून काही उपयोग नसतो, उरलेल्या अर्ध्यावर लोक दुप्पट विश्वास ठेवतात. घरी येऊन अस्मिताबाईंनी भांडी आपटली. नवरा अनंत वर्तमानपत्रामागून म्हणाला, भांड्यांनी तुझं काय वाकडं केलंय, ज्या मुलीची गाठ गेली तिलाच विचार की. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माणूस कधीतरी उपयोगाचं बोलतो. त्यांनी तिथल्या तिथे वल्लरीला फोन लावला.

वल्लरी आधी चिडली. मॅम, आय स्वेअर, लम्प होता, दुखत होता, मी इमॅजिन नाही केलं. अस्मिताबाईंनी तिला रागावू दिलं आणि मग पहिल्यापासून सांगायला लावलं. नाव नोंदवायला फोन केला तेव्हा काय विचारलं? नाव, गाव आणि पाळीची तारीख. ती कशाला? सोवळं असतं ना मॅम, विटाळात तीर्थ चालत नाही. मग त्यांनी कधी बोलावलं? पाळी यायच्या थोडे दिवस आधी. नंतर चार दिवस शिवायचं नाही, मग डोक्यावरून पाणी घेऊन यायचं आणि गाठ गेली का ते चाचपून सांगायचं.

अस्मिताबाई खुर्चीत सरळ बसल्या. पन्नाशी उलटलेली बाई, तीस-पस्तीस वर्षं दर महिन्याला हे अंगावर काढलेलं. पाळी जवळ आली की छाती जड होते, ठणकते, हाताला गाठीगाठी लागतात. पाळी येऊन गेली की उतरतं. पोरीबाळींपासून सासवांपर्यंत बहुतेकींना हे होतं आणि कोणी कोणाला सांगत नाही.

"म्हणजे सूज असताना गाठ दाखवायची," त्या म्हणाल्या, "आणि सूज आपोआप उतरली की माईंपुढे नारळ फोडायचा."

मग वल्लरी म्हणाली, "मॅम, मला हे कोणी शिकवलंच नव्हतं. बायॉलॉजीच्या टीचरनी तो चॅप्टर घरी वाचा म्हणून सांगितलं होतं."

आता अस्मिताबाईंना जो राग आला तो निराळाच होता. खण, गडू, फुलं ही सगळी पोरांना फसवायची जादू. खरी लबाडी या तारखेत होती. आपल्याच विटाळाच्या रूढीचं वेळापत्रक करून दत्तप्रसादनं बायकांना त्यांच्याच शरीराची साक्ष काढायला लावली होती. म्हणून तर त्या शपथेवर सांगत होत्या, आणि एकीचंही खोटं नव्हतं. पण मग ज्यांची गाठ पाळीबरोबर हलत नाही, तारीख पाळत नाही, नुसती वाढत राहते, त्या बायकांचं काय होत होतं? त्यांना श्रद्धा कमी म्हणून गप्प बसवलं जात होतं. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी डॉक्टरकडे धावायला हवं, नेमक्या त्याच तिथे अडकून पडल्या होत्या. त्यांतली एक अस्मिताबाईंच्या ब्युरेट धुवत होती.

पुढच्या मंगळवारपर्यंत त्यांनी एक उद्योग केला. जीवशास्त्र विभागात कोपऱ्यात प्लास्टिकचा एक सांगाडा उभा असायचा. तो पिवळा खण त्यांनी धुऊन सांगाड्याच्या बरगड्यांना बांधला आणि उरलेला आठवडा तसाच ठेवला. विभागप्रमुखांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, याला गाठ आहे, तपासून घ्यायची आहे. ते परत काही विचारायला आले नाहीत.

मंगळवारी टेबलावरच्या बाईनं मायेनं विचारलं, "लागते का हाताला?" अस्मिताबाई म्हणाल्या, लागते हो, फार लागते. ताटलीत झेंडू पडला. माईंनी तांब्याचा गडू उचलला, खणावर लालभडक डाग उमटला. माईंनी डोळे मिटले आणि जिभेनं चक् केलं.

"मोठी आहे गं बाई तुझी. खोल गेली आहे. पण भिऊ नको."

"मी नाही भीत," अस्मिताबाई म्हणाल्या, आणि दत्तप्रसादच्या हातातला माईक त्याला कळायच्या आत काढून घेतला. तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेली बाई, तिला खरं तर त्याचीही गरज नव्हती. "हा खण आमच्या कॉलेजातल्या सांगाड्याचा आहे. त्याला छातीच नाही. हाडं आहेत, तीही प्लास्टिकची. माईंना त्याची गाठ दिसली, खोल गेलेली."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अस्मिताबाईंनी पर्समधून लिंबू काढून खणावर पिळलं. डाग सगळ्यांदेखत विरला. "घ्या, झाला सांगाडा बरा. ना उपास, ना जप. अर्ध्या लिंबाचं काम." मग त्यांनी हळद सांगितली, चुना सांगितला, झेंडू आणि तगर सांगितली. पुढच्या ओळीतल्या एका बाईला वर बोलावून दोन्ही गडूंतलं पाणी दोन खणांवर तिच्याच हातानं टाकायला लावलं.

दत्तप्रसाद कच्च्या गुरूचा चेला नव्हता. माईकशिवायही त्याचा आवाज चढला. "बघा, या शिकलेल्या बाई तुमच्या देवाची थट्टा करतायत. रंगाचं राहू द्या. इथे बसलेल्या किती जणींच्या गाठी गेल्या? त्यांना विचारा. त्या खोटं बोलतात का?"

आणि हॉल उलटला. आमची गेली, आमची गेली, असे आवाज चहूबाजूंनी उठले. एकीनं अस्मिताबाईंचा पदर खेचला, दुसरी म्हणाली, तुमच्या घरात कोणाला झालं म्हणजे कळेल. सगळ्यात मागे हेमा उभी होती आणि तिचे डोळे दत्तप्रसादकडे होते. एवढं उघडं पाडूनही ती अजून त्याच्याकडेच बघत होती.

तेवढ्यात अस्मिताबाईंबरोबर आलेली वल्लरी व्यासपीठावर चढली. या हॉलमध्ये तिला ओळखत नाही अशी बाई नव्हती, तिचाच व्हिडिओ बघून निम्म्या जणी आल्या होत्या.

"माझी गाठ गेली हे खरं आहे," ती म्हणाली. "ती माझ्या पाळीमुळे आली होती आणि पाळी झाल्यावर गेली. दर महिन्याला येते आणि जाते. या महिन्यातही आली होती. तुम्हाला तारीख का विचारतात ते आता तरी समजून घ्या."

पाळी हा शब्द त्या हॉलमध्ये माईकवरून कधी उच्चारला गेला नसेल. काही जणींनी तोंडाला पदर लावला. पण शब्द एकदा बाहेर पडला की आत जात नाही. बायका बोटांवर मोजायला लागल्या. शेजारणीच्या कानाला लागल्या, तुझं कधी होतं गं, माझंही तसंच. एवढ्या बायका एका जागी बसून पहिल्यांदाच एकमेकींना हे विचारत होत्या, आणि जसजशा विचारत होत्या तसतसे त्यांचे चेहरे बदलत गेले.

मग अस्मिताबाई म्हणाल्या, "आता ज्यांची गेली नाही त्यांनी उभं राहा. ज्यांची पाळी येते जाते, पण गाठ तिथेच आहे. ज्यांना तुमची श्रद्धा कमी म्हणून सांगितलं त्यांनी."

कोणी हललं नाही. दत्तप्रसादच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. तेव्हा मागून हेमा म्हणाली, "मी हाय," आणि दोन पावलं पुढे आली. मग खांबाआडून एक आजी उठल्या, भिंतीला धरून. मग कडेवर लेकरू असलेली एक. मग टेबलाजवळची एक, जिचा खण अजून ताटलीतच होता. उभ्या राहिल्यावर त्या एकमेकींकडे बघत होत्या, कारण आजवर प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच नालायक. बसलेल्या बायकांनी त्यांना पाहिलं आणि हॉलमधला आवाज बंद झाला.

दत्तप्रसाद स्वयंपाकघराच्या दारानं निघाला होता, पण आचाऱ्याच्या ओट्यापाशी बायकांनी त्याला गाठलं आणि पोलिस येईपर्यंत तो हलला नाही. माई खुर्चीतच बसून राहिल्या. पाणी द्या म्हणाल्या, तर कोणीतरी तांब्याचा गडू पुढे केला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार झाली, ते सगळं रीतसर चाललं आहे.

अशी कथा इथे संपते, लोक टाळ्या वाजवतात आणि भोंदू पकडला म्हणून समाधानानं घरी जातात. पण खरा संताप यायचा अजून बाकी आहे.

अस्मिताबाई हेमाला आणि उभ्या राहिलेल्या बायकांना घेऊन त्याच आरोग्य केंद्रात गेल्या. खिडकीवर तोच माणूस होता, श्रीनिवास नावाचा. त्यानं हेमाचं कार्ड बघितलं आणि नजर वर न करता फलकाकडे बोट दाखवलं. चाळीस पूर्ण. स्थानिक पत्ता. वेळ सकाळची. अस्मिताबाईंनी विचारलं, गाठ आहे, हाताला लागते, तिचं काय करायचं? तो म्हणाला, नियम मी केलेला नाही. लेकरू कडेवर असलेल्या बाईला त्यानं विचारलंसुद्धा नाही, वयावरूनच बाजूला हो म्हणाला.

यानंतर अस्मिताबाई जे बोलल्या ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं, आणि तपासणी विभागाच्या डॉ. ऋचा खाली आल्या. हेमाला त्यांनी आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या श्रीनिवासला म्हणाल्या, चाळिशीची अट ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्या नेहमीच्या तपासणीसाठी असते. गाठ घेऊन आलेल्या बाईला वय विचारायचं नसतं, तिला सरळ माझ्याकडे पाठवायचं असतं. तो म्हणाला, असं कोणी लिहून दिलेलं नाही मॅडम. आणि ते खरं होतं. नियम करणाऱ्यांना निरोगी बायका दिसल्या होत्या, आजारी बाईच दाराशी येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि वरच्या मजल्यावरून खालची खिडकी बघायला डॉ. ऋचाही कधी उतरल्या नव्हत्या.

सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला. आजींची गाठ साधी निघाली, कडेवर लेकरू असलेल्या बाईची आणि टेबलाजवळच्या बाईचीही. हेमाला कर्करोग निघाला. काखेपर्यंत पोचलेला.

डॉ. ऋचांनी तिला नीट, सावकाश सांगितलं. उपचार आहेत, लांबचे आहेत, पण आहेत. आधी औषधं, मग शस्त्रक्रिया. मग त्यांच्या तोंडून, डॉक्टर बोलून जातात तसं निघून गेलं, "हेमा, दिवाळीतच का नाही आलीस? वाटाण्याएवढी होती तेव्हा यायचं ना."

हेमा तोवर एकदाही रडली नव्हती. तेव्हाही रडली नाही. दाराबाहेर बोट करून म्हणाली, "आली होती ना मी, मॅडम. दिवाळीतच आली होती. त्या खिडकीनं वापस पाठवलं."

अस्मिताबाई त्या खोलीत होत्या, आणि त्यांनी नंतर सांगितलं की माईच्या हॉलमध्ये त्यांना आला नव्हता असा राग त्यांना तिथे आला, आणि तो कोणावर काढावा हेच कळेना.

आता बायकांनो, नीट ऐका. आपल्या छातीला हात लावून बघण्यात लाज नाही. पाळीआधी येणाऱ्या आणि पाळीबरोबर जाणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच असतात, पण कुठली साधी आणि कुठली नाही हे ठरवायचं काम डॉक्टरचं, ना तुमचं, ना माईचं, ना खणाचं. गाठ लागली की दाखवायची. सुईनं रोग पसरत नाही, उशिरानं पसरतो. कोणी वय विचारून परत पाठवायला लागलं तर खिडकी सोडायची नाही, गाठ आहे म्हणून मोठ्यानं सांगायचं, मागचे हसले तर हसू देत.

आणि खिडकीच्या आत जे बसलेत आणि त्यांच्या वर बसून जे नियम लिहितात, त्यांनाही सांगायचं आहे. तपासणी चाळिशीच्या अलीकडे आणा, पत्ता कुठलाही असो. संध्याकाळी उघडी ठेवा, कारण कामावरच्या बायकांना सकाळ नसते. तपासायला बाई बसवा. त्या भोंदूनं व्यासपीठावरून जी यादी वाचली होती, वय नको, आधार कार्ड नको, परपुरुषाचा हात नको, ती तुमची लाज काढणारी होती, कारण त्यातली एकेक गोष्ट तुम्ही द्यायला हवी होती. तुमच्या दारातून परत पाठवलेली बाई घरी जाऊन गप्प बसत नाही हो. ती माईकडे जाते.